टेक्सासमध्ये पहिलं घर घेतलंय? घरपट्टीची सवलत मागून घ्यावी लागते

टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, हे इथे येणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी आधीच सांगितलेलं असतं. मग शाळा, रस्ते, पोलीस आणि सरकारी इस्पितळं चालतात कशावर, हे कळतं पहिलं घर घेतल्यावर. पाच लाख डॉलरच्या घरावर वर्षाला दहा-अकरा हजार डॉलर घरपट्टी येणं इथे नवलाचं नाही. पुण्या-मुंबईच्या घरपट्टीची सवय असलेल्या माणसाला हा आकडा पहिल्यांदा छपाईची चूक वाटतो.

२०२५ मध्ये राज्याने सवलती बऱ्याच वाढवल्या, त्यामुळे व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘टॅक्स कमी झाला’ असे निरोप फिरतात. ते खोटे नाहीत, पण अर्धे आहेत. ज्यांचा राहत्या घराच्या सवलतीचा अर्ज आधीपासून मंजूर होता, त्यांना वाढीव सवलत आपोआप मिळाली. ज्यांनी अर्जच केला नव्हता, त्यांचं बिल होतं तसंच आलं. प्रत्येक सवलतीला एक फॉर्म आहे आणि एक तारीख आहे. प्लेनो, फ्रिस्को, केटी, शुगरलँड, राउंड रॉक किंवा सीडर पार्कमध्ये नुकतं घर घेतलेल्यांसाठी हे फॉर्म आणि या तारखा इथे क्रमाने देतो आहे.

आधी कोण काय करतं ते बघा

घरपट्टी राज्य सरकार घेत नाही. ती काउंटी घेते, शहर घेतं, आयएसडी, म्हणजे सरकारी शाळा चालवणारा स्थानिक डिस्ट्रिक्ट, घेतो. जागेनुसार कम्युनिटी कॉलेज, हॉस्पिटल डिस्ट्रिक्ट आणि नव्या वसाहतींमध्ये ‘मड’, म्हणजे पाणी-मलनिस्सारणाच्या सोयी उभारणारा स्वतंत्र डिस्ट्रिक्टही घेतो. हे सगळे आपापला दर ठरवतात. दर १०० डॉलर किमतीमागे इतके, असा तो सांगितला जातो. बिलातली सगळ्यात मोठी ओळ बहुतेक ठिकाणी आयएसडीची असते.

घराची किंमत मात्र यांतलं कोणीच ठरवत नाही. ते काम अप्रेझल डिस्ट्रिक्टचं, आणि ते प्रत्येक काउंटीत वेगळं असतं. १ जानेवारीला तुमच्या घराची बाजारात काय किंमत होती, याचा अंदाज ते बांधतं आणि सवलतीचे अर्जही तेच घेतं. बिल पाठवून पैसे गोळा करतं तिसरंच ऑफिस, बहुधा काउंटीचं टॅक्स ऑफिस. म्हणून किंमत जास्त लावली असेल किंवा सवलत दिसत नसेल तर अप्रेझल डिस्ट्रिक्टला गाठायचं आणि पैसे भरल्याची नोंद दिसत नसेल तर टॅक्स ऑफिसला. ही फोड माहीत नसली की फोनवर ताटकळण्यात दुपार जाते आणि शेवटी ‘हे आमच्याकडे नाही’ एवढंच ऐकायला मिळतं.

२०२५ मध्ये नेमकं काय बदललं

टेक्सासचं विधिमंडळ विषम वर्षांत जानेवारीपासून १४० दिवस बसतं. घरपट्टीच्या मुख्य सवलती राज्यघटनेत लिहिलेल्या असल्यामुळे नुसता कायदा करून भागत नाही, मतदारांची संमतीही लागते. ४ नोव्हेंबर २०२५ ला अशा १७ घटनादुरुस्त्या मतदानाला होत्या आणि सगळ्या मंजूर झाल्या. आपल्या कामाच्या त्यांतल्या तीन-चार.

मतदानाला ठेवलेल्या अशा दुरुस्तीला इथे प्रपोझिशन म्हणतात. पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची, प्रपोझिशन १३. स्वतः राहत्या घरावरची होमस्टेड सवलत १ लाखावरून १ लाख ४० हजार डॉलर झाली. ही सवलत फक्त आयएसडीच्या करासाठी आहे, संपूर्ण बिलासाठी नाही. म्हणजे शाळेचा कर काढताना घराच्या किमतीतून १ लाख ४० हजार आधी वजा करायचे. ती लागू झाली २०२५ च्याच कर-वर्षापासून. २०१५ मध्ये हीच सवलत २५ हजार होती, २०२२ मध्ये ४० हजार आणि २०२३ मध्ये १ लाख. दहा वर्षांत इतकी वाढली, त्यामुळे जुन्या ब्लॉगवर किंवा जुन्या शेजाऱ्याकडून ऐकलेला आकडा हमखास शिळा निघतो.

दुसरी, प्रपोझिशन ११. घरमालक ६५ वर्षांचा किंवा त्याहून मोठा असेल, किंवा अपंगत्वाच्या व्याख्येत बसत असेल, तर शाळेच्या करात मिळणारी जादा सवलत १० हजारांवरून ६० हजार झाली. दोन्ही मिळून २ लाख डॉलर वजा होतात. हीसुद्धा २०२५ पासूनच.

प्रपोझिशन ९ धंद्याच्या सामानासाठी आहे आणि १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. प्रपोझिशन १० आगीत पूर्ण जळालेल्या राहत्या घरासाठी. या दोन्हींकडे पुढे येऊ.

आणखी एका कायद्याबद्दल बरीच घबराट पसरली होती. १ सप्टेंबर २०२५ पासून चीन, इराण, उत्तर कोरिया आणि रशिया या देशांशी संबंधित व्यक्तींच्या नि कंपन्यांच्या जमीन-घर खरेदीवर टेक्सासने बंधनं आणली. त्या यादीत भारत नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तरी घर घेता येतं, आणि त्या घरावर होमस्टेड सवलतही मिळते. होमस्टेडसाठी नागरिकत्वाची अट नाही. मालकी हवी आणि ते तुमचं मुख्य राहतं घर हवं.

पायरी पहिली: घर घेण्याआधी कराचा खरा आकडा काढा

घर दाखवणाऱ्या वेबसाइटवर गेल्या वर्षीचा कर दिसतो. त्या आकड्यावर मुळीच विसंबू नका. तो कर आधीच्या मालकाचा आहे. त्याची सवलत, त्याचं वय, त्याच्या घराच्या किमतीच्या वाढीवर वर्षानुवर्षं लागलेली मर्यादा हे सगळं त्यात मुरलेलं असतं. बाजारभावाने ५ लाखांचं घर त्याच्या कागदावर साडेतीन लाखांचं असू शकतं. घर विकलं गेलं की ती मर्यादा सुटते आणि पुढच्या १ जानेवारीला किंमत पुन्हा बाजारभावाला येते.

म्हणून अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर पत्ता टाका, कोणकोणती करमंडळं लागू आहेत त्यांची यादी काढा, त्यांच्या दरांची बेरीज करा आणि तो दर तुम्ही देणार असलेल्या किमतीला लावा. ह्यूस्टन किंवा ऑस्टिनच्या कडेच्या नव्या वसाहतीत ‘मड’ असेल तर एकूण दर अडीच-तीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. दोन किलोमीटरवरच्या जुन्या वसाहतीत तोच बराच कमी असतो. डॅलसच्या उत्तरेला नव्या प्लॉटिंगमध्ये ‘पिड’, म्हणजे वसाहतीतल्या सोयींचा खर्च घरमालकांकडून वसूल करणारा डिस्ट्रिक्ट, आहे का, तेही विचारा. पिडची आकारणी घरपट्टीच्या बिलासोबत येत असली तरी ती किमतीवर लागणारा कर नव्हे, आणि होमस्टेडची सवलत तिला लागत नाही. मड किंवा पिड असेल तर विकणाऱ्याने तशी लेखी नोटीस द्यायलाच हवी. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होतानाच्या, कागदांच्या ढिगात ती असते. तो ढीग सह्या करण्याआधी वाचायचा असतो, हे सांगूनही कोणी ऐकत नाही.

पायरी दुसरी: ड्रायव्हिंग लायसन्सवरचा पत्ता

होमस्टेडचे अर्ज अडकतात ते बहुधा इथे. अर्जासोबत टेक्सासचं लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र जोडावं लागतं, आणि त्यावरचा पत्ता घराच्या पत्त्याशी जुळला पाहिजे. व्हिसाच्या मुदतीला बांधलेलं लायसन्सही चालतं. दुसऱ्या राज्यातलं चालत नाही. टेक्सासमध्ये राहायला आल्यावर ९० दिवसांत इथलं लायसन्स घ्यायचं आणि राज्यातल्या राज्यात घर बदललं तर ३० दिवसांत पत्ता बदलायचा, असा नियम आहेच. अपार्टमेंटचा जुना पत्ता घेऊन महिनोन्महिने हिंडणाऱ्यांना तो इथे आठवतो.

लायसन्स करताना मतदार नोंदणीबद्दल प्रश्न विचारतात. नागरिक नसाल तर उत्तर ‘नाही’ असंच हवं. घाईघाईत चुकीच्या चौकटीत पडलेली खूण पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी महागात पडते.

पायरी तिसरी: होमस्टेडचा फॉर्म

फॉर्मचा नंबर ५०-११४. अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या वेबसाइटवर मिळतो आणि बहुतेक मोठ्या काउंटीत ऑनलाइन भरता येतो. फी शून्य. घर नावावर झालं की काही आठवड्यांत सरकारी दिसणारी पत्रं येऊ लागतात: ‘तुमची होमस्टेड सवलत नोंदवून देतो, इतके डॉलर पाठवा.’ ती खाजगी कंपन्यांची असतात. कचऱ्यात टाका.

वर्षाची मुदत ३० एप्रिल. ती हुकली तरी गेलेल्या वर्षासाठी उशिरा अर्ज करता येतो. कर थकीत धरला जातो त्या तारखेपासून, म्हणजे १ फेब्रुवारीपासून, दोन वर्षांपर्यंत. मंजूर झाला तर जादा भरलेले पैसे परत येतात. दोन वर्षांपूर्वी घर घेऊन ‘राहिलंच बघ ते’ म्हणणाऱ्या मित्राला आजच हे सांगा.

पूर्वी १ जानेवारीला त्या घरात राहत असाल तरच त्या वर्षीची सवलत मिळायची. आता तसं नाही. वर्षाच्या मधे घर घेतलंत आणि राहायला गेलात, तर उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने त्याच वर्षी सवलत मिळू शकते, मात्र आधीच्या मालकाने त्या वर्षासाठी तीच सवलत घेतलेली नसावी. बिल्डरकडून घेतलेल्या नव्या घराला ही अट सहसा आड येत नाही, म्हणून राहायला गेल्यावर लगेच अर्ज करून टाका.

नवरा-बायकोला मिळून एकच होमस्टेड मिळतं. घरावर दोघांपैकी एकाचंच नाव असलं तरी बिघडत नाही. दोन भावांनी मिळून घर घेतलं आणि त्यात एकच राहतो, तर सवलत त्याच्या हिश्शापुरती. घर एलएलसीच्या, म्हणजे कंपनीच्या, नावावर असेल तर काहीच मिळत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातलं जुनं घर अजून ठेवलं असेल आणि तिथे राहत्या घराची सवलत चालू असेल, तर ती आधी बंद करा. दोन्हीकडे मुख्य घर दाखवता येत नाही आणि फॉर्मवर तुम्ही त्याविषयी सही करून हमी देता.

ज्यांनी पुण्यात पीटी-३ फॉर्म भरून स्वतः राहत असल्याची ४० टक्के सवलत मिळवली आहे, त्यांना यात नवं काही वाटणार नाही. राहतो हे दाखवा आणि कमी भरा, एवढाच प्रकार.

शाळेची सवलत राज्याने ठरवलेली आहे. त्याशिवाय काउंटी आणि शहरं आपल्या अखत्यारीत २० टक्क्यांपर्यंत सवलत देऊ शकतात. ह्यूस्टन, डॅलस आणि ऑस्टिन ही शहरं पूर्ण २० टक्के देतात. उपनगरांचं प्रत्येकाचं वेगळं असतं. यासाठी दुसरा अर्ज लागत नाही, तोच ५०-११४ पुरतो.

एकदा मंजूर झालं की दरवर्षी भरायचं नाही. पण २०२३ च्या एका कायद्याने अप्रेझल डिस्ट्रिक्टला दर पाच वर्षांनी प्रत्येक होमस्टेड तपासायला लावलं आहे. तशी चौकशी करणारं पत्र आलं तर त्याला उत्तर द्या. जाहिरात समजून फेकलंत तर सवलत निघून जाईल.

पायरी चौथी: दुसऱ्या वर्षाचा दणका

यावर जरा थांबतो, कारण नवं घर घेणाऱ्यांचं कंबरडं इथेच मोडतं.

समजा तुम्ही बिल्डरकडून ५ लाख २० हजारांचं नवं घर ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतलं. १ जानेवारी २०२५ ला तिथे नुसता प्लॉट होता, किंमत ९० हजार. एकूण दर २.२ टक्के धरला तर २०२५ चं बिल १,९८० डॉलर. मॉर्गेज, म्हणजे गृहकर्ज देणाऱ्या, कंपनीने तेच धरून एस्क्रो (कर भरण्यासाठी हप्त्यासोबत घेतली जाणारी रक्कम) लावला असेल तर महिन्याला १६५ डॉलर. तुम्ही खूश.

१ जानेवारी २०२६ ला तिथे पूर्ण घर उभं आहे. किंमत ५ लाख २० हजार लागली आणि २.२ पैकी निम्मा दर आयएसडीचा आहे असं धरू. शाळेचा कर १ लाख ४० हजार वजा जाता ३ लाख ८० हजारांवर, म्हणजे ४,१८० डॉलर. बाकीच्यांचा पूर्ण किमतीवर, म्हणजे ५,७२० डॉलर. एकूण ९,९००. महिन्याला १६५ च्या जागी ८२५ डॉलर. होमस्टेड नसतं तर ११,४४० झाले असते. म्हणजे फॉर्मने १,५४० डॉलर वाचवले, पण उडी तरीही पाचपट आहे. वर एस्क्रोमध्ये पडलेली तूटही भरून काढायची असते. मॉर्गेज कंपनी ती सहसा १२ महिन्यांत विभागून हप्त्यात घालते, त्यामुळे हप्ता एकदम साडेसहाशे डॉलरहून बराच जास्त वाढलेला दिसतो. इथे बँकेने फसवलं असं वाटतं. फसवलेलं कोणीच नसतं. क्लोजिंगच्या वेळीच मॉर्गेज कंपनीला ‘पूर्ण घराच्या अंदाजे किमतीवर एस्क्रो धरा’ असं सांगता येतं. ते ऐकत नसतील तर फरकाची रक्कम दर महिन्याला स्वतःच वेगळ्या खात्यात टाका.

दुसरी बाब १० टक्क्यांच्या मर्यादेची. होमस्टेड असलेल्या घराची कराची किंमत वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. ती मर्यादा कधीपासून लागते, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. २०२५ च्या मधे घर घेतलंत, तर मर्यादेपुरतं तुम्ही १ जानेवारी २०२६ पासून पात्र झालात असं धरलं जातं, आणि मर्यादा प्रत्यक्ष लागते १ जानेवारी २०२७ पासून. २०२६ ची किंमत ठरवताना अप्रेझल डिस्ट्रिक्टचे हात मोकळे असतात. आणि पुढची सगळी १०-१० टक्क्यांची वाढ त्या आकड्यावर चढते. म्हणून खरेदीनंतरच्या पहिल्या पूर्ण वर्षाची किंमत सगळ्यांत नीट तपासायची.

मर्यादेतून एक गोष्ट सुटते: तुम्ही नव्याने केलेलं बांधकाम. पोहण्याचा तलाव किंवा वाढवलेली खोली पूर्ण किमतीने वर येऊन बसते.

पायरी पाचवी: एप्रिलमधलं पत्र आणि प्रोटेस्ट

एप्रिलच्या सुमारास अप्रेझलची नोटीस येते. तिच्यात दोन किमती असतात: मार्केट व्हॅल्यू आणि अप्रेझ्ड व्हॅल्यू. कर लागतो दुसरीवर, सवलती वजा करून. आधी साधी तपासणी करा. होमस्टेड दिसतंय का, चौरस फूट बरोबर आहेत का, नसलेलं बाथरूम किंवा गॅरेज लावलंय का.

किंमत जास्त वाटली तर प्रोटेस्ट, म्हणजे त्या किमतीवर हरकत. मुदत १५ मे किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यांपैकी जी नंतरची असेल ती. फॉर्म ५०-१३२, किंवा नोटिशीवरचा पिन वापरून ऑनलाइन. कारणांमध्ये दोन्ही खुणा करा: बाजारभावापेक्षा जास्त किंमत आणि इतर घरांच्या मानाने असमान किंमत. एकच खूण केली तर दुसऱ्या मुद्द्यावर बोलण्याची वाट स्वतःच बंद करून घेतो.

टेक्सासमध्ये घर कितीला विकलं गेलं हे सरकारला कळवायची सक्ती नाही. अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून ‘तुमची खरेदी किंमत कळवा’ अशी प्रश्नावली आली तर ती भरणं तुमच्या मर्जीवर आहे. तुम्ही त्यांच्या आकड्यापेक्षा कमी किमतीत घर घेतलं असेल तर क्लोजिंगचा कागद हाच सर्वांत भक्कम पुरावा, तो जरूर द्या. जास्त दिले असतील तर गप्प राहा.

प्रोटेस्ट नोंदवताना त्यांचा पुरावाही मागा. मागितला तर सुनावणीच्या किमान १४ दिवस आधी तो त्यांना द्यावा लागतो, आणि न दिलेला पुरावा ते सुनावणीत वापरू शकत नाहीत. त्यांनी तुलनेला घेतलेली घरं बघा. तलाव असलेलं, तळ्याकाठचं किंवा नुकतंच नवं केलेलं घर तुमच्या साध्या घराशेजारी लावलेलं आढळतं. आपल्या बाजूने रिअल्टरकडून, म्हणजे घरांच्या दलालाकडून, १ जानेवारीच्या आसपास विकल्या गेलेल्या घरांची यादी घ्या. भिंतीच्या भेगा, फाउंडेशन, गारपिटीने गेलेलं छप्पर यांचे फोटो आणि दुरुस्तीचं लेखी कोटेशन जोडा. ‘माझा पगार तेवढा नाही’ किंवा ‘कर फार झाला’ हे मुद्दे तिथे चालत नाहीत. त्यांच्यासमोर प्रश्न फक्त किमतीचा असतो.

बहुतेक प्रकरणं आधीच्या अनौपचारिक बोलण्यातच मिटतात, आणि मोठ्या काउंटीत ऑनलाइन ऑफरही येते. पटली नाही तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्डासमोर सुनावणी. तिथे बसतात ते स्थानिक नागरिक, अप्रेझल डिस्ट्रिक्टचे नोकर नव्हेत. वेळ थोडा असतो, म्हणून आकडा आधी सांगा आणि कारण मागून. फोनवर किंवा व्हिडिओवरही हजर राहता येतं. तिथेही समाधान झालं नाही तर निकाल मिळाल्यापासून ६० दिवसांत लवादाकडे किंवा कोर्टात जायची वाट आहे, पण साध्या घरासाठी ती क्वचितच परवडते.

मर्यादेमुळे तुमची कराची किंमत ५ लाख आहे आणि मार्केट व्हॅल्यू ६ लाख लिहिली आहे असं समजा. प्रोटेस्ट करून ६ चे ५ लाख ६० हजार केलेत तरी यंदा एक डॉलरही वाचत नाही. ५ लाखांच्या खाली आणता येत असेल तरच दमछाक करा. आणि वाचलेल्या रकमेत हिस्सा घेणाऱ्या कंपन्यांबद्दल माझं मत असं, की पहिल्या खेपेला स्वतः करावं. कागद कळतात, आणि पुढच्या वर्षी कंपनीला द्यायचं की नाही हे डोळे उघडे ठेवून ठरवता येतं.

पायरी सहावी: बिल आणि पैसे

बिल ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतं, मुदत ३१ जानेवारी. १ फेब्रुवारीपासून थकबाकी. त्या महिन्यात ६ टक्के दंड आणि १ टक्का व्याज, पुढे दर महिन्याला वाढत जुलैपर्यंत १८ टक्के, आणि मग वकिलाची वसुली फी वेगळी. एस्क्रो असला तरी जबाबदारी मालकाचीच. जानेवारीच्या मध्यावर टॅक्स ऑफिसच्या वेबसाइटवर पत्ता टाकून ‘भरले’ असं दिसतंय का बघा. मॉर्गेज एका कंपनीकडून दुसरीकडे विकलं गेलं असेल तर नक्की बघा, बिल हरवतं ते अशाच वेळी.

केंद्राच्या करविवरणात घरपट्टी वजा करण्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये १० हजारांवरून ४० हजार झाली. मात्र त्याचा उपयोग स्टँडर्ड डिडक्शनपेक्षा वजा करता येणारा तुमचा एकूण खर्च जास्त असेल तरच.

आई-बाबा, भाड्याचं घर, घरचा धंदा

आई-बाबा इथे कायमचे राहायला आले आहेत, वय सत्तर, मग ६५ वर्षांवरची सवलत मिळेल का? घर तुमच्या एकट्याच्या नावावर असेल तर नाही. सवलत मालकाच्या वयाला आहे. ज्यांच्या नावावर खरोखरच घर आहे अशा ज्येष्ठांना शाळेच्या कराची वरची मर्यादा गोठवून मिळते, आणि ठरलेल्या व्याजाने कर पुढे ढकलण्याचीही सोय आहे. नुसत्या सवलतीसाठी आई-बाबांचं नाव घरावर चढवायचा विचार असेल तर आधी वकिलाला विचारा. मॉर्गेजच्या अटी, वारसा आणि गिफ्ट टॅक्स यांचा गुंता वाचलेल्या कराहून महाग पडू शकतो.

भाड्याने दिलेल्या घराला होमस्टेड नाही. पण सुमारे ५० लाख डॉलरपर्यंतच्या अशा मालमत्तेची कराची किंमत वर्षाला २० टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, अशी तात्पुरती मर्यादा २०२४ पासून आहे. ती २०२६ च्या अखेरीस संपते, आणि तिला मुदतवाढ मिळायची तर विधिमंडळाच्या २०२७ च्या बैठकीत मिळेल. दुसरं घर गुंतवणूक म्हणून घेणाऱ्यांनी हे गणितात धरावं.

घरून डबे, शिवण, ब्यूटी पार्लर किंवा दुरुस्तीचा धंदा करत असाल, तर धंद्याच्या यंत्रांवर-सामानावरही इथे कर असतो. पूर्वी २,५०० डॉलरपर्यंतच माफी होती, आता १ लाख २५ हजारांपर्यंत आहे. लहान धंदे यातून सुटले. तरीही अप्रेझल डिस्ट्रिक्टकडून सामानाची माहिती मागणारं पत्र आलं तर उत्तर न देता ठेवू नका.

वादळ, पूर किंवा गारपिटीनंतर गव्हर्नरने तुमचा भाग आपत्तीग्रस्त जाहीर केला आणि घराचं किमान १५ टक्के नुकसान झालं असेल, तर जाहीर झाल्यापासून १०५ दिवसांत अर्ज करून त्या वर्षापुरती सवलत मिळते. विम्याच्या धावपळीत ही तारीख निसटते. प्रपोझिशन १० मुळे घर आगीत पूर्ण गेलं तर अशा घोषणेची वाट न पाहता बांधकामावरचा उरलेल्या वर्षाचा कर माफ होऊ शकतो.

घर सोडताना

नोकरीसाठी दुसऱ्या राज्यात निघालात आणि घर भाड्याने दिलंत, की होमस्टेड संपलं. ते अप्रेझल डिस्ट्रिक्टला तुम्हीच कळवायचं असतं. न कळवता सवलत चालू राहिली तर मागच्या वर्षांचा कर दंड-व्याजासह वसूल होतो. भारतात काही महिने, अगदी वर्षभर आई-वडिलांजवळ राहायला जात असाल तर गोष्ट वेगळी. दोन वर्षांपेक्षा कमी काळ, परत यायच्या इराद्याने, आणि दुसरीकडे मुख्य घर न करता गेलात तर होमस्टेड टिकतं. जाण्याआधी एखाद्या शेजाऱ्याला टपाल बघायला सांगा आणि अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या खात्यात ईमेल नोंदवून ठेवा, कारण एप्रिलची नोटीस आणि पाच वर्षांची तपासणीची चिठ्ठी दोन्ही घराच्या पत्त्यावरच येतात.